गुलबर्ग्यानं निवडून दिलेले हेडमास्तर

सईला सोडायला कडगंचीला निघालो होतो. सई माझी पुतणी. आळंदहून कलबुर्गीकडे जाताना वाटेत कडगंची लागतं, आणि तिथंच कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. २००९ साली ते स्थापन झालं. सई तिथं अर्थशास्त्रात एम.ए. करते. ज्या माळावर आमच्या लहानपणी काळी ढेकळं आणि तुरीच्या काड्या दिसायच्या, तिथं आता साऱ्या देशातून पोरं शिकायला येतात, याचं मला अजून नवल वाटतं.

गाडीत असतानाच माझ्या भाच्याचा, निखिलचा फोन आला. तो कॅलिफोर्नियात वाढला, यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे आणि मतपत्रिकेतली नावं बघून गोंधळलाय. "मामा, इथं राज्याच्या शाळांचा प्रमुखसुद्धा लोक निवडून देतात," तो म्हणाला. "गव्हर्नर वेगळा, हा वेगळा. दर चार वर्षांनी."

मला खरं वाटेना. आपल्याकडे शिक्षणमंत्री आधी आमदार होतो, मग मुख्यमंत्री त्याला खातं देतात. शिक्षणाचा आणि त्याचा काही संबंध असला तर तो बोनस. निखिलनं अॅरिझोनाचं उदाहरण सांगितलं. कॅथी हॉफमन नावाच्या बाई शाळेत मुलांच्या बोलण्यातल्या अडचणींवर काम करायच्या. २०१८ साली त्या थेट राज्याच्या शाळांच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या, आणि २०२२ साली हरल्याही.

फोन ठेवल्यावर सई म्हणाली, "काका, आपल्याकडं असा कुणी मास्तर निवडून आलाय?"

"आपल्याकडं म्हणजे?"

"आपल्याकडं. इथं."

"आलाय की. १९५२ साली, याच गुलबर्ग्यातून. पहिल्या लोकसभेवर. भगवी कफनी घातलेला हेडमास्तर."

तिला नाव सांगितलं, स्वामी रामानंद तीर्थ. ती म्हणाली, "नांदेडच्या विद्यापीठाचं नाव ते?" बरोबर. पण हा माणूस आपल्या मातीतला, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही तिच्या वयात नव्हतं. आमच्या घरात स्वामीजींचा विषय निघायचा तो आजीमुळे. आजी तेव्हा गुलबर्ग्यात राहायची आणि तिनं आयुष्यातलं पहिलं मत त्यांना दिलं होतं. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. आजीला अक्षर ओळखत नव्हतं. तिनं बैलजोडीची पेटी बघितली आणि चिठ्ठी टाकली. "स्वामीला मत दिलं" असं ती सांगायची, काँग्रेसला दिलं असं कधी म्हणायची नाही.

स्वामीजी शाळाखात्याचे प्रमुख कधीच नव्हते, ते आधीच सांगून टाकतो. मंत्रीसुद्धा नव्हते. पण मराठी, कानडी आणि तेलुगू पोरांनी कुठल्या भाषेत शिकायचं, शाळा काढायला कुणाची परवानगी लागावी, या प्रश्नांपायी ज्यानं शाळेतली खुर्ची सोडून आख्ख्या संस्थानाचं राजकारण अंगावर घेतलं, असा दुसरा मास्तर मला या भागात माहीत नाही.

सईला सोडण्याआधी आम्ही कडगंची गावात सायंदेवांच्या स्थानाला गेलो. आपल्या घरांत गुरुचरित्राचा चौदावा अध्याय म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या अध्यायातला सायंदेव इथला. परंपरा असं सांगते की त्याच्याच वंशातल्या सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र इथं रचलं. आणि गंमत अशी, की मला मराठी भाषा येत नाही असं हा कवी ग्रंथात स्वतःच सांगतो. घरची भाषा कानडी, आणि लिहिलेला ग्रंथ मराठी घरांच्या देव्हाऱ्यात. मंदिरात बसून सईला मी म्हटलं, स्वामीजींची गोष्टही याच जातीची आहे.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगीचा, म्हणजे आजच्या विजयपूर जिल्ह्यातला. बालपण गाणगापुरात गेलं, पुढचं शिक्षण सोलापुरात. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले तेव्हा व्यंकटेश सतरा वर्षांचाही नव्हता. त्या दिवसांत त्यानं लग्न न करता देशाचं काम करायची शपथ घेतली. सतराव्या वर्षी पुष्कळजण शपथा घेतात. यानं ती पाळली. असहकाराच्या लाटेत तो अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणाकडे वळला, मग पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता लोकशाहीचा विकास. ज्या संस्थानात पुढं आयुष्य काढायचं होतं, तिथं लोकशाहीचा पत्ताच नव्हता, हे लक्षात घ्या.

काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं. प्रकृती ढासळली. आणि १९२९ च्या सुमारास ते एका आडगावात मुख्याध्यापक म्हणून येऊन बसले. गावाचं नाव हिप्परगा. आज ते धाराशिव जिल्ह्यात आहे, तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. १९२१ साली तिथं राष्ट्रीय शाळा निघाली होती. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय, सरकारी अभ्यासक्रमाच्या बाहेर, देशाचं भान देणारी शाळा. ब्रिटिश मुलखात अशा शाळा बऱ्याच निघाल्या आणि बंदही पडल्या. निजामाच्या राज्यात ती चालवणं म्हणजे पोलिसांच्या वहीत नाव लिहून घेणं होतं.

इथं जरा थांबून त्या काळच्या शाळेची व्यवस्था सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं देशभक्तीचं भाषण वाटेल.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलंगणात, पाच मराठवाड्यात आणि तीन कानडी: बिदर, गुलबर्गा, रायचूर. जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलायची, साधारण पाव मराठी, दहातले एक-सव्वा कानडी आणि जवळपास तितकेच उर्दू. पण राज्याचा कारभार उर्दूत. खालच्या इयत्तांत मराठी, कानडी, तेलुगू चालायचं. वर गेलं की उर्दू. कचेरीत नोकरी हवी तर उर्दू. म्हणजे आळंदच्या शेतकऱ्याचा मुलगा चौथीपर्यंत हुशार असायचा आणि पुढं अचानक मठ्ठ ठरायचा. मुलगा तोच, डोकं तेच. बदललेली असायची फक्त भाषा.

त्यावर लोकांनी आपली शाळा काढावी म्हटलं, तर खासगी शाळेला आधी सरकारची परवानगी. वाचनालयाला परवानगी. सभेला परवानगी, त्या हुकमाचं नाव 'गश्ती त्रेपन्न', आणि आमच्याकडची जुनी माणसं ते शिवी दिल्यासारखं उच्चारायची.

पण या कथेत उर्दूला खलनायक करणं मला पटत नाही. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ हा त्या काळातला मोठा धाडसी प्रयोग होता. विज्ञान, कायदा, वैद्यक भारतीय भाषेत शिकवता येतं हे त्यानं दाखवलं. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उभारून ढिगानं पुस्तकं तयार केली. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आहे, आळंदला लाडले मशायखांचा. या मातीत दखनी आमच्याइतकीच जुनी आहे. चूक उर्दूची नव्हती. एका भाषेला जे दिलं ते बाकी तीन भाषांना द्यायचं नाही, ही राज्याची चूक होती.

हिप्परग्याच्या शाळेत स्वामीजींना हे रोज दिसत असणार. त्याच काळात त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. आपल्याकडे संन्यासी म्हटला की मठ आठवतो. हे संन्यासी घंटा वाजली की वर्गावर जायचे. पुढं १९३५ च्या सुमारास ते आणि त्यांचे काही सहकारी अंबाजोगाईला गेले. निजामी कागदपत्रांत त्या गावाचं नाव मोमिनाबाद. तिथं १९१७ पासून योगेश्वरी शाळा होती. स्वामीजी तिथले मुख्याध्यापक झाले.

हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन शाळांनी मराठवाड्याला किती माणसं दिली याची यादी करायला बसलो तर लेख तिथंच संपेल. एकच सांगतो. स्वामीजींचे शाळेतले सहकारी बाबासाहेब परांजपे. १९५२ साली स्वामीजी गुलबर्ग्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले, आणि परांजपे बीडमधून काँग्रेसच्या विरोधात उभे राहून निवडून आले. एकाच शिक्षकखोलीतले दोन मास्तर पहिल्या लोकसभेत, समोरासमोरच्या बाजूंना! मला ही गोष्ट फार आवडते. शाळा चांगली होती याचा याहून मोठा पुरावा काय द्यायचा?

तर मग खुर्ची का सोडली?

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. नावावरून वाटतं तशी ती महाराष्ट्रातली नव्हती, संस्थानातल्या मराठी लोकांची होती. तेलुगूंची आंध्र महासभा, कानडी लोकांची कर्नाटक परिषद, तशी ही. मागण्या वाचल्या तर आज साध्या वाटतात: सभेचं स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, लोकांना जबाबदार असं सरकार. स्वामीजी परिषदेच्या कामात ओढले गेले आणि १९३८ साली त्यांनी अंबाजोगाईची शाळा सोडली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. सरकारनं स्थापनेआधीच बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी २४ तारखेला, आणि २७ तारखेला स्वामीजी पकडले गेले.

मी स्वतः वीस वर्षं शिकवलंय, म्हणून या टप्प्यावर मला नेहमी अडखळायला होतं. चांगला मास्तर शाळा सोडून जातो तेव्हा वर्गातल्या पोरांचं नुकसान होतंच. कितीही थोर कारण असलं तरी होतं. पण मास्तरानं कितीही जीव ओतला, तरी पुढच्या इयत्तेच्या दारावर परक्या भाषेचं कुलूप होतं, आणि त्याची किल्ली गावात नव्हती, हैदराबादला होती.

पुढचा दहा वर्षांचा काळ तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर. १९३८, १९४०, १९४२, आणि मग सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. १९४६ साली स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली. समोर बुर्गुल रामकृष्ण राव, नामवंत वकील, मवाळ, पुढं हैदराबादचे मुख्यमंत्री झालेले. स्वामीजी थोड्या मतांनी जिंकले. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागत होते, त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर सुटले, २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा आत. शेवटचे सुटले ते सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाई होऊन निजामानं शरणागती पत्करल्यावर.

१७ सप्टेंबर. मराठवाड्यात त्याला मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. आमच्याकडे कल्याण कर्नाटक उत्सव. दिवस एक, झेंडा एक, नावं दोन. दोन्हीकडच्या भाषणांत एक गोष्ट येत नाही, म्हणून इथं लिहितो. त्या आठवड्यानंतर सूडानं जी कत्तल झाली, तिची झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त लागली. भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं तसं नोंदवलंय. मेलेल्यांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी कितीतरी मुसलमान घरं होती. आमची आजी त्या दिवसांबद्दल कधी बोलली नाही. विचारलं की उठून आत जायची.

सुटून आल्यावर स्वामीजींनी काय केलं? १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. ते ज्या नांदेड एज्युकेशन सोसायटीनं काढलं, तिचे संस्थापक अध्यक्ष स्वामीजी. सत्ता आता आपल्या लोकांच्या हातात आली होती, मंत्रिमंडळं बनत होती, वाटाघाटी चालल्या होत्या, आणि हा माणूस कॉलेजची इमारत आणि प्राध्यापक यांच्या मागे! पुढं नरहर कुरुंदकर याच कॉलेजचे प्राचार्य झाले, एवढं सांगितलं तरी कॉलेजचा दर्जा कळेल. १९५२ च्या निवडणुकीत ते गुलबर्ग्याचे खासदार झाले. राज्यात बुर्गुल मुख्यमंत्री झाले, स्वामीजी मंत्रिमंडळात नव्हते.

त्यांना मानणाऱ्यांतले दोघे मात्र पुढं शिक्षणखात्यापर्यंत पोचले. शंकरराव चव्हाण १९८० नंतर काही काळ केंद्रात शिक्षणमंत्री होते. आणि पी. व्ही. नरसिंह राव. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून संस्थानातल्या कॉलेजांतून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांत ते होते. नागपूर विद्यापीठानं या मुलांना प्रवेश दिला, आणि तेलुगू घरातला हा मुलगा उत्तम मराठी शिकला. इतकं उत्तम, की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यानं तेलुगूत नेली. पुढं ते आंध्रचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हा केंद्रात ते खातं त्यांच्याकडे होतं. नवोदय विद्यालयं त्याच काळातली. आपल्या मंडळातल्या ज्या घरांतली मुलं नवोदयात शिकली, त्यांनी हा धागा एकदा मागे ओढून बघावा. तो अंबाजोगाईपर्यंत जातो.

आता दुखऱ्या भागाकडे येतो. विद्यापीठाच्या फाटकाशी गाडी उभी करून सईशी सर्वांत जास्त बोललो ते यावरच.

हैदराबाद संस्थान टिकवायचं की भाषांप्रमाणे तोडायचं, असा प्रश्न १९४८ नंतर उभा राहिला. नेहरूंना ते तोडणं फारसं पसंत नव्हतं. अनेक भाषा, अनेक धर्म एकत्र नांदणारा प्रदेश म्हणून त्यांना तो हवा होता. खुद्द राज्य पुनर्रचना आयोगानंही १९५५ च्या अहवालात तेलंगणाचं हैदराबाद काही काळ वेगळं ठेवा असं सुचवलं. स्वामीजी मात्र तोडण्याच्या बाजूला ठाम उभे राहिले. तिन्ही भाषांच्या लोकांना आपापल्या भाषेचं राज्य मिळायला हवं, हे त्यांचं म्हणणं. ज्यानं दोन शाळांत परक्या भाषेनं अडलेली मुलं पाहिली, तो दुसरं काय म्हणणार?

१ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्राला, मराठवाडा मुंबई राज्याला, आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. आळंद इकडे राहिलं. जिथून स्वामीजी निवडून आले ते गुलबर्गा इकडे राहिलं. १९५७ ची निवडणूक त्यांनी औरंगाबादेतून लढवली आणि जिंकली.

सई म्हणाली, "म्हणजे त्यांनी आपल्याला सोडलं?"

मी पटकन नाही म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. आजीच्या पिढीत काहींना तसं वाटलं होतं. ज्या न्यायानं उदगीर तिकडे गेलं त्याच न्यायानं आमचं गाव जायला हवं होतं, असं मानणारे आमच्या घरात होते. सीमाप्रश्नाच्या सभांना आजोबा जायचे. महाजन आयोग झाला, ठराव झाले, २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. मला स्वतःला आता वाटतं की भाषेच्या रेषा अशा सरळ ओढता येतच नाहीत. गावात गल्लीगल्लीला भाषा बदलते. आमच्या घरात आई मराठीत रागवायची आणि हिशेब कानडीत करायची. कुठंही रेघ ओढा, कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच. स्वामीजी स्वतः कानडी मुलखात जन्मले आणि मराठी शाळांत जगले. रेघ त्यांच्यामधूनही गेलीच की.

पण रेघ ओढल्यावर पलीकडे राहिलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न मास्तराचा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

कर्नाटकात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगितलं की ते चकित होतात. पुस्तकं मराठी, छापतं कर्नाटक सरकार. दहावीची परीक्षाही मराठीतून देता येते. कानडी विषय असतोच, आणि असायलाच हवा. मी अशाच शाळेत शिकलो. सातवीपर्यंत मराठी, पुढं कानडी माध्यम. आठवीचं पहिलं सहामाही अजून आठवतं. मला सगळं येत होतं आणि काहीच सांगता येत नव्हतं. तरी मला कानडी बोलता येत होती. निजामाच्या काळात उर्दूसमोर उभ्या राहिलेल्या पोराचं काय होत असेल!

आमच्या गावची ती शाळा अजून आहे. पट एकवीस. गावातला म्हणून मला शाळेच्या एसडीएमसीच्या बैठकीला बोलावतात. ही समिती म्हणजे शाळेचा विकास आणि देखरेख बघणारी पालकांची समिती, २००१ पासून कर्नाटकात सगळ्या सरकारी शाळांना आहे. पालक आपल्यातूनच सदस्य निवडतात. निखिलला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, मग तुमच्याकडंही आहे की निवडणूक!" आहे. चौकात भरणारी, हात वर करून होणारी.

मागच्या बैठकीत एका पालकानं सरळ विचारलं, "सर, तुमची मुलं कुठं शिकली?" कलबुर्गीत, इंग्रजी माध्यमात. दोघंही. मी खोटं बोललो नाही, पण पुढं मराठी शाळेच्या बाजूनं बोलायला माझं तोंड उरलं नाही. त्या पालकाला शाळा बंद करायची नव्हती. त्याला फक्त समोरचा माणूस कुठं उभा आहे ते बघायचं होतं. पालकांचं म्हणणं साधं आहे: इंग्रजी शिकवणारा माणूस द्या आणि कानडी नीट शिकवा, मग मराठी शाळेत घालतो. यात गैर काय आहे? शिक्षकांच्या दोन जागा किती दिवस रिकाम्या आहेत ते मी इथं लिहीत नाही, अर्ज गेलेले आहेत.

स्वामीजी १९६२ पर्यंत लोकसभेत होते. मग निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. १९६७ साली त्यांनी हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादला त्यांचं निधन झालं. समाधी बेगमपेटला आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, आणि १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठालाही.

फाटकाशी सईनं बॅग उतरवली. सुरक्षारक्षकाशी ती कानडीत बोलली, मैत्रिणीला हिंदीत हाक मारली, माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, ते पुस्तक लायब्ररीत असेल का?"

"बघ. नसलं तर मागव."

रात्री तिचा मेसेज आला. पुस्तकाबद्दल काहीच नव्हतं. लिहिलं होतं, "शनिवारी मला सुट्टी असते. आपल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले तर चालेल का? एसडीएमसीला विचारा."

बैठक सोमवारी आहे. यावेळी त्या पालकाशेजारी बसेन म्हणतो.